दोषाच्या कारणावर घटस्फोट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं हिंदू विवाह कायदा, १९५५ धरून लिहिली आहेत. हा कायदा हिंदूंबरोबरच बौद्ध, जैन आणि शीख धर्मीयांना लागू होतो. नोंदणी पद्धतीने, म्हणजे विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न झालं असेल तर कलमांचे क्रमांक बदलतात, पण बरीचशी कारणं तीच राहतात. मुस्लिम, ख्रिश्चन आणि पारशी विवाहांचे कायदे वेगळे आहेत, आणि अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा आपोआप लागू होत नाही.

दोषाच्या कारणावर घटस्फोट म्हणजे काय?

दोघांना वेगळं व्हायचं असेल आणि अटींवर एकमत असेल तर कलम १३-ब खाली संमतीचा अर्ज होतो. तिथे कोणी कोणावर आरोप करायचा नसतो. एकालाच वेगळं व्हायचं असेल, किंवा दोघांनाही व्हायचं आहे पण मुलं, पैसा, दागिने यांवर काही केल्या जमत नसेल, तर कलम १३(१) चा रस्ता उरतो. तिथे एका जोडीदाराला दुसऱ्याची चूक न्यायालयापुढे मांडावी लागते आणि ती सिद्ध करावी लागते.

“आमचं पटत नाही”, “संसारात राम राहिला नाही” हे कितीही खरं असलं तरी कलम १३ मध्ये ते कारण म्हणून लिहिलेलं नाही. लग्न पूर्णपणे मोडून पडलं आहे एवढ्याच आधारावर विवाह संपवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली स्वतःकडे असल्याचं मे २०२३ मध्ये स्पष्ट केलं. कुटुंब न्यायालयाला तो अधिकार नाही.

कायद्यात कोणती कारणं आहेत?

व्यभिचार, क्रूरता, किमान दोन वर्षं सोडून जाणं, धर्मांतर, सोबत राहणं अशक्य व्हावं इतका गंभीर मानसिक आजार, संसर्गजन्य गुप्तरोग, संन्यास, आणि सात वर्षं जोडीदार जिवंत असल्याची काहीच खबर नसणं. कुष्ठरोग हे कारण २०१९ मध्ये कायद्यातून काढून टाकलं. पत्नीला काही जादा कारणं आहेत. पती बलात्कार किंवा अनैसर्गिक कृत्याचा दोषी असणं हे त्यातलं एक. दुसरं असं की पंधराव्या वर्षाआधी लग्न लावून दिलेल्या मुलीला, पंधरा पूर्ण झाल्यावर आणि अठरा पूर्ण होण्याआधी ते लग्न नाकारलं असेल, तर घटस्फोट मागता येतो.

मानसिक आजाराबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आजाराचं नाव आहे म्हणून घटस्फोट मिळत नाही. आजार किती तीव्र आहे आणि त्यासोबत संसार करण्याची अपेक्षा रास्त आहे का, हे न्यायालय पाहतं. नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत एवढ्यावर कुणी बायकोला किंवा नवऱ्याला “वेडी”, “वेडा” ठरवायला निघालं, तर तो आरोपच पुढे त्याच्यावर क्रूरता म्हणून उलटू शकतो.

क्रूरता म्हणजे मारहाणच का?

नाही. शारीरिक मारहाण हा तिचा एक प्रकार. मानसिक छळही क्रूरतेत मोडतो, आणि दोषाच्या कारणावरचे बहुतेक अर्ज आज याच कारणावर उभे असतात. १९७६ च्या दुरुस्तीपूर्वी क्रूरतेवर हिंदू विवाह कायद्यात फक्त न्यायिक विभक्तता, म्हणजे लग्न कायम ठेवून वेगळं राहण्याची मुभा, मिळत असे. त्या दुरुस्तीनंतर क्रूरता आणि सोडून जाणं ही दोन्ही घटस्फोटाची कारणं झाली.

क्रूरतेची व्याख्या कायद्याने मुद्दामच दिलेली नाही. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानसिक क्रूरतेची काही उदाहरणं एका निकालात नोंदवली आणि ही यादी पूर्ण नाही असंही सोबत सांगितलं. सततचा अपमान, कारण नसताना दीर्घकाळ शरीरसंबंध नाकारणं, जोडीदाराला न सांगता नसबंदी करून घेणं, मूल होऊच द्यायचं नाही असं एकट्यानेच ठरवणं, अशी ती उदाहरणं आहेत. जोडीदाराच्या चारित्र्यावर बिनबुडाचे आरोप करणं, खोट्या फौजदारी तक्रारी करणं हेही क्रूरता ठरलं आहे. हे आरोप लेखी जबाबात, म्हणजे खटल्याच्या कागदांतच केले असले तरी! म्हणून वकिलाने “जोरदार” मसुदा लिहून आणला तर सही करण्याआधी त्यातलं प्रत्येक वाक्य वाचा. त्याखाली सत्यापनावर, म्हणजे “वरचा मजकूर खरा आहे” या निवेदनावर, सही तुमची असते.

भाजीत मीठ जास्त, सासूशी खटके, सणाला माहेरी जाण्यावरून रुसवे, हे क्रूरतेत मोडत नाही. रोजच्या संसाराची झीज आणि क्रूरता यांत न्यायालयं फरक करतात. पण छोट्या गोष्टीही वर्षानुवर्षं, ठरवून, एकाच माणसाला खच्ची करण्यासाठी होत असतील तर त्या सगळ्यांचा एकत्र विचार होतो.

अर्जात काय आणि कसं लिहायचं?

माझ्या मते खटल्याचं निम्मं भवितव्य इथेच ठरतं. अर्ज लिहिताना माणूस दुखावलेला असतो आणि लिहितो : “सामनेवाल्याने अर्जदार हिचा वेळोवेळी शारीरिक व मानसिक छळ केला.” (सामनेवाला म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो जोडीदार.) हे वाक्य न्यायाधीशांनी हजारदा वाचलेलं असतं. त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

त्याऐवजी असं लिहिलेलं बघा : “दिवाळीच्या आदल्या दिवशी रात्री साधारण साडेदहाच्या सुमारास सामनेवाल्याने पगाराचं एटीएम कार्ड मागितलं. अर्जदाराने नकार दिल्यावर तिचा उजवा हात पिरगाळला आणि तिला घराबाहेर काढून आतून कडी लावली. शेजारच्या बाईंनी तिला रात्रभर आपल्याकडे ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यात गेली. केसपेपर सोबत जोडला आहे.” यात वेळ आहे, कारण आहे, कृती आहे, साक्षीदार आहे, कागद आहे. उलटतपासात, म्हणजे समोरचा वकील तुम्हाला प्रश्न विचारतो तेव्हा, त्याने कितीही धक्के मारले तरी एवढ्या ठिकाणी भिंत उभी आहे.

तेव्हा वकिलाकडे जाण्याआधी एक वही घ्या आणि लग्नाच्या तारखेपासून घटना क्रमाने लिहून काढा. पक्की तारीख आठवत नसेल तर सण, परीक्षा, कुणाचं लग्न, अशी खूण लिहा. अंदाजाने तारीख ठोकू नका. तारीख चुकली की खरी घटनाही खोटी वाटू लागते. आणि पाच ठळक घटना पुराव्यासह मांडणं हे पन्नास तक्रारींच्या जंत्रीपेक्षा कधीही बरं.

पुराव्याचा निकष फौजदारी खटल्याइतका कडक नसतो. महाराष्ट्रातूनच वर गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये सांगितलं की वैवाहिक दाव्यात “संशयातीत” पुरावा लागत नाही. कोणती बाजू जास्त संभाव्य वाटते ते पाहायचं.

व्यभिचार आता गुन्हा नाही ना? मग त्यावर घटस्फोट मिळतो का?

मिळतो. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेचं कलम ४९७ घटनाबाह्य ठरवलं, म्हणजे तुरुंग गेला. घटस्फोटाचं कारण म्हणून व्यभिचार कायम आहे, आणि १९७६ पासून लग्नानंतरचा एक प्रसंगही पुरेसा धरला जातो. प्रत्यक्ष पुरावा सहसा नसतोच. हॉटेलची नोंद, प्रवासाची तिकिटं, संदेश, यांवरून निष्कर्ष काढला जातो. ज्या व्यक्तीशी संबंध असल्याचा आरोप आहे तिचं नाव सहसा द्यावं लागतं आणि तिला पक्षकारही करावं लागतं. केवळ संशयावर कुणा तिसऱ्या माणसाचं नाव खटल्यात ओढू नका.

मुलाची डीएनए चाचणी करून व्यभिचार सिद्ध करू, असं काही जण सुचवतात. लग्न चालू असताना जन्मलेलं मूल औरस आहे असं कायदा गृहीत धरतो. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की आई-वडिलांच्या भांडणात मुलाच्या चाचणीचा आदेश सहज देता येणार नाही. ज्या लेकराचा या भांडणाशी काही संबंध नाही त्याच्या कपाळी आयुष्यभराचा डाग लावायचा का, हा प्रश्न वकिलाने विचारण्याआधी तुम्हीच स्वतःला विचारा.

व्हॉट्सअॅप चॅट, फोन रेकॉर्डिंग चालतं का?

पुरावा म्हणून दाखल करता येतं. कुटुंब न्यायालय कायद्याचं कलम १४ न्यायालयाला पुराव्याबाबत बरीच मोकळीक देतं. पती-पत्नीच्या संभाषणाचं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंगही वैवाहिक खटल्यात ग्राह्य धरता येईल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, म्हणजे ती नोंद कोणत्या उपकरणातून कशी घेतली याचा दाखला, लागतो. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. चॅटमधला सोयीचाच तुकडा कापून देऊ नका, कारण पुढचा-मागचा भाग समोरचा आणणारच. आणि जोडीदाराचा पासवर्ड फोडून, त्याच्या फोनमध्ये हेरगिरीचं अॅप टाकून मिळवलेला मजकूर तुम्हालाच अडचणीत आणू शकतो.

ती माहेरी जाऊन तीन वर्षं झाली. हे “सोडून जाणं” ठरेल?

फक्त वेगळं राहण्याने ठरत नाही. अर्ज दाखल करण्याच्या लगेच आधीची सलग दोन वर्षं हवीत, रास्त कारण नसलेलं हवं, आणि कायमचं नांदायचं नाही हा हेतू दिसायला हवा. मारहाणीमुळे घर सोडलेली पत्नी “सोडून गेली” असं कायदा म्हणत नाही. उलट ज्याने घरात राहणं अशक्य केलं, त्यानेच तिला सोडलं असं न्यायालय म्हणू शकतं. नांदायला बोलावलं होतं का, आणायला कोण गेलं, पत्रं-निरोप काय होते, हे सगळं इथे मोलाचं ठरतं.

लग्नाला वर्षही झालेलं नाही. अर्ज करता येईल?

कलम १४ प्रमाणे एक वर्ष थांबावं लागतं. असाधारण हालअपेष्टा किंवा अत्यंत नीच वागणूक असेल तर न्यायालयाची परवानगी मागता येते. मारहाण होत असेल तर मात्र वर्ष मोजत बसू नका. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली संरक्षण, निवास आणि खर्चाचा अर्ज लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही करता येतो.

अर्ज कुठे करायचा? खर्चाचं काय?

लग्न जिथे लागलं, दोघं शेवटचं एकत्र जिथे राहिलात, किंवा सामनेवाला जिथे राहतो तिथल्या कुटुंब न्यायालयात. ते नसेल तर जिल्ह्याच्या दिवाणी न्यायालयात. २००३ पासून पत्नी अर्जदार असेल तर ती सध्या राहते तिथेही. स्त्रियांना उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. हे हक्काचं आहे, मागायला संकोच नको.

मी एकदा माफ केलं होतं. आता तेच कारण वापरता येईल?

कलम २३ नीट समजून घ्या, कारण चांगले खटले इथे घसरतात. क्रूरता किंवा व्यभिचार कळूनही तुम्ही जोडीदाराला पुन्हा वैवाहिक जीवनात स्वीकारलं असेल, तर त्याला कायद्याच्या भाषेत क्षमापन म्हणतात आणि अर्ज अडू शकतो. समजा अर्जात म्हटलं आहे की एप्रिलपासून छळ असह्य झाला. आणि उलटतपासात समोरचा वकील जूनचा एक फोटो पुढे करतो : चुलतभावाचं लग्न, दोघं शेजारी उभी, हसरी. मग विचारतो, “हा फोटो आपलाच ना? त्या रात्री आपण दोघं एकाच खोलीत राहिलात ना?” याचं उत्तर आधीच अर्जात असावं लागतं. नातेवाइकांच्या आग्रहाखातर एक संधी दिली, आणि नंतर अमुक दिवशी पुन्हा तेच घडलं, असं सरळ लिहा. दोष पुन्हा घडला तर जुनी माफी संपते. शिवाय वर उल्लेखलेल्या १९७५ च्या निकालानुसार, समोरच्याने तो मुद्दा मांडला नसला तरी क्षमापन झालं होतं का हे न्यायालयाने स्वतः पाहायचं असतं.

याच कलमात आणखी दोन गोष्टी आहेत. स्वतःच्याच चुकीचा फायदा घेता येत नाही, आणि कारण नसताना केलेली दिरंगाई नडते.

अर्ज केल्यावर काय होतं? किती वेळ लागतो?

समन्स बजावलं जातं, सामनेवाला लेखी जबाब देतो, विवाह समुपदेशकाकडे पाठवलं जातं, तडजोडीचा प्रयत्न होतो. नाही जमलं तर न्यायालय वादाचे मुद्दे ठरवतं, मग शपथपत्रावर सरतपास (स्वतःच्या बाजूची साक्ष), उलटतपास, युक्तिवाद, निकाल. सुनावणी बंद दाराआड होते. नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात लढवलेला खटला अनेक वर्षं चालतो. या वेळेचा हिशोब करूनच उतरा.

नोटीस आली, पण मी गेलोच नाही तर?

एकतर्फी हुकूम होईल. तो रद्द करून घेण्यासाठी हजर न राहण्याचं पटेल असं कारण लागतं, आणि मुदत ३० दिवसांची आहे. नोटीस नाकारणं हा बचाव नाही. उलट हजर राहिलात तर कलम २३-अ खाली तुम्हीही त्याच खटल्यात अर्जदाराचा दोष दाखवून स्वतःच्या बाजूने घटस्फोट मागू शकता.

दोष सिद्ध झाला की पोटगी बंद ना?

हा सगळ्यात मोठा गैरसमज, आणि पुष्कळ लोक याच समजुतीपायी वर्षानुवर्षं लढतात.

खटला चालू असताना कलम २४ खाली दोघांपैकी ज्याला पुरेसं उत्पन्न नाही त्याला अंतरिम पोटगी आणि खटल्याचा खर्च मागता येतो. पतीलाही मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२० च्या निकालानंतर दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं शपथपत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. पगार लपवणं आता पूर्वीइतकं सोपं नाही.

कायमच्या पोटगीत, म्हणजे कलम २५ मध्ये, दोघांचं उत्पन्न आणि मालमत्ता यांच्यासोबत दोघांचं वर्तनही पाहिलं जातं. दोषाचा परिणाम होतो तो इथे, रकमेवर. पण तो आपोआप शून्य करत नाही. पत्नी सोडून गेली म्हणून पतीला घटस्फोट मिळाला, तरी घटस्फोटित स्त्री म्हणून तिला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगितलं. ते जुनं कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे.

आणखी एक बारकावा. घटस्फोटाचा अर्ज फेटाळला गेला तर त्याच खटल्यात कलम २५ ची पोटगी मिळत नाही. लग्न टिकून असल्याने पत्नीला दुसऱ्या कायद्यांखाली ती मागावी लागते.

ज्याची चूक, त्याला मुलांचा ताबा मिळणार नाही?

मुलाचं हित हाच निकष. वाईट नवरा हा वाईट बाप असेलच असं नाही, आणि व्यभिचाराचा आरोप असलेली आई मुलाची काळजी घेणारी असू शकते. पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहतं. मुलासमोर झालेली मारहाण, दारू, मुलाला भेटू न देणं, हे मात्र ताब्याच्या निर्णयात नक्की मोजलं जातं. ताबा मिळाला नाही तरी भेटीचा हक्क राहतो, आणि मुलांचा खर्च द्यावाच लागतो. आई-वडील वेगळे झाले तरी मुलांचा वारसाहक्क जात नाही.

घर आणि दागिन्यांचं काय?

दोष सिद्ध झाला म्हणून मालमत्ता निम्मी-निम्मी वाटली जात नाही. आपल्याकडे तसा कायदाच नाही. ज्याच्या नावावर आणि ज्याच्या पैशाने, त्याची ती मालमत्ता. स्त्रीधन, म्हणजे तिला मिळालेले दागिने आणि भेटी, मात्र पूर्णपणे पत्नीचं, मग ते सासूच्या लॉकरमध्ये का असेना. लग्नात दोघांना मिळून मिळालेल्या वस्तूंबद्दल न्यायालय कलम २७ खाली आदेश देऊ शकतं. लग्नाचे फोटो, सोनाराच्या पावत्या, यादीवरच्या सह्या जपून ठेवा. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली “सामायिक घर” ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं आहे.

दबावासाठी पोलिसात तक्रार करावी का?

छळ खरा असेल तर जरूर करा. पती आणि सासरच्यांनी केलेल्या छळाबद्दलचं भारतीय दंड संहितेचं जुनं कलम ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे. निव्वळ तडजोडीच्या वाटाघाटीत वजन यावं म्हणून म्हाताऱ्या सासऱ्याचं आणि परगावी नांदणाऱ्या नणंदेचं नाव घालू नका. त्याने निरपराध माणसं पोळतात, आणि खऱ्या छळाच्या तक्रारीवरचाही विश्वास उडतो.

मधेच समेट किंवा संमती झाली तर?

कोणत्याही टप्प्यावर दोषाचा अर्ज मागे घेऊन संमतीचा करता येतो, आणि पुष्कळ खटले असेच संपतात. संमतीच्या अर्जानंतरची सहा महिन्यांची थांबण्याची मुदत योग्य प्रकरणात माफ करता येते, हे २०१७ पासून स्पष्ट आहे. अटी लिहिताना रक्कम, तारीख, मुलांच्या सुट्ट्या, बाकीच्या केसेस मागे घेणं, सगळं कागदावर आणा.

गावात पंचांसमोर स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी झाली आहे. चालेल?

नोटरीची सही असली तरी त्याने लग्न संपत नाही. त्या समाजात काडीमोडीची रूढी आहे हे सिद्ध करता आलं तर अपवाद आहे, पण सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर. अशा कागदावर विसंबून दुसरं लग्न केलं तर ते रद्दबातल ठरेल आणि द्विविवाहाचा गुन्हाही होईल.

निकाल लागला. दुसरं लग्न कधी करता येईल?

अपिलाची मुदत उलटल्यावर, किंवा अपील झालं असेल तर ते फेटाळल्यावर. हिंदू विवाह कायद्यात ही मुदत ९० दिवसांची आहे, कुटुंब न्यायालय कायद्यात ३० दिवसांची. अपील करायचं असेल तर ३० दिवसांच्या आत करा. लग्न करायचं असेल तर ९० दिवस पूर्ण होऊ द्या आणि उच्च न्यायालयात काही दाखल झालं आहे का ते तपासून घ्या.

हुकूम हातात आल्यावर आणखी काही करायचं असतं का?

हुकूमनाम्याच्या दोन-तीन प्रमाणित नकला काढून ठेवा. पासपोर्ट, बँक, मुलांची शाळा, सगळीकडे त्या लागतात. घटस्फोटानंतर जोडीदार वारस राहत नाही, पण बँकेतलं, भविष्य निर्वाह निधीतलं किंवा विम्यातलं नामनिर्देशन आपोआप बदलत नाही, आणि आधी केलेलं मृत्युपत्रही आपोआप रद्द होत नाही. ते तुम्हालाच जाऊन बदलावं लागतं. नक्कल मिळाली की त्याच आठवड्यात हे उरकून घ्या.